नाशिकला बदली झाली, पण मंडळीत मिसळायचं कसं?

पाथर्डीफाट्याचा_भाडेकरू

सर्वांना सलाम.

जूनमध्ये जालन्याहून बदली होऊन नाशिकला आलो. अंबड एमआयडीसीत नोकरी, पाथर्डी फाट्याला भाड्याचं घर. बायको आणि सहा वर्षांची मुलगी. पहिल्याच रविवारी चर्च शोधलं (नाव लिहीत नाही, माणसं वाईट नाहीत). उपासना छान होते, पाळकसाहेब बोलतात चांगलं, पेटी-तबला सुरात. अडचण पुढची आहे.

शांतीच्या अभिवादनाला सगळे हात मिळवतात, हसतात. उपासना सुटली की जो तो आपापल्या घोळक्यात. बाहेर झाडाखाली चहा असतो. आम्ही तिघं कप घेऊन आमच्याच स्कूटरपाशी उभे. आठ रविवार झाले. एवढ्यात कुणी विचारलंच तर, "आडनाव काय? मूळचे कुठले?" सांगितलं की "अच्छा, अच्छा", आणि विषय संपला.

पहिल्या दिवशी आमचे नंबर मात्र घेतले, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसाठी. रोज सकाळी वचन येतं. मागच्या गुरुवारी बायकोचा वाढदिवस होता, ग्रुपवर ४१ जणांनी केक पाठवले. मी मोजले. रविवारी ती नवी साडी नेसून आली. त्या ४१ मधलं कुणी तिच्याशी अवाक्षर बोललं नाही, कारण ज्या बाईला केक पाठवले ती हीच, हे कुणाला ठाऊकच नव्हतं.

गावाकडे आमचं चर्च पत्र्याचं. नवीन माणूस दिसला की जेवल्याशिवाय सोडत नाहीत. आई रविवारी दोन भाकरी जास्तच थापायची. शहरात तेवढी अपेक्षा नाही. पण आमचं काही चुकतंय का? की दुसरं चर्च बघावं?

सिडको_रायडर

बघा की. मी तीन बदलली, चौथ्यात गेलोच नाही. आता यूट्यूबवर उपासना, चहा घरचा, आडनाव कुणी विचारत नाही.

किटलीवाली_मावशी

अरे बाळा, यूट्यूबवाल्याचं ऐकू नकोस.

ते शिष्ट नाहीत रे, बुजतात. प्रत्येकाला वाटतं, विचारपूस दुसऱ्या कुणीतरी केली असेल. आमच्या चर्चमध्ये अकरा वर्षं चहा माझ्याकडे आहे, किटलीमागे उभं राहिलं की सगळं दिसतं. आडनावाचं म्हणशील तर ती खोडच आहे आपल्या लोकांची. बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झाल्या, तरी कोण कुठल्या वाड्यातला हे हुंगल्याशिवाय चैन पडत नाही. पाळकांनी कितीदा त्यावर संदेश दिला. माना डोलावतात आणि बाहेर येऊन परत तेच विचारतात.

मी १९८९ साली लग्न होऊन संगमनेरहून आले. आमचे हे नोटांच्या प्रेसमध्ये. तीन महिने मी शेवटच्या बाकावर बसायची आणि पदर सावरत घरी यायची. मग एकदा प्रभुभोजनाचा रविवार होता, भाकर आणि द्राक्षारस देतात तो. ते छोटे काचेचे पेले असतात ना, ते धुवायचं काम एका थोरल्या बाईंकडे. त्यांचं बोट विळीवर कापलेलं, चिंधी बांधलेली. मला म्हणाल्या, "ए पोरी, एवढे विसळतेस का?" नाव नाही, गाव नाही. साठेक पेले असतील. एक माझ्या हातून फुटला आणि मला रडूच आलं. त्या म्हणाल्या, "अगं, दर खेपेला एक फुटतोच. आज तुझी पाळी." पेले विसळता विसळता त्यांनी अख्ख्या मंडळीची कुंडली सांगितली. कुणाचा मुलगा दुबईला, कुणाचं कुणाशी वाजलंय, चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीत कोण कुणाला पाण्यात पाहतं. पुढच्या रविवारी मी दारातून आत आले तर पाच बायका हसल्या, "आली बघा पेले फोडणारी." संपलं. तेव्हापासून मी त्यांच्यातली.

तेव्हा तू कप घेऊन स्कूटरपाशी उभा राहू नकोस. नुसत्या उभ्या माणसाशी काय बोलावं हे कुणालाच सुचत नाही. उपासना सुटली की खुर्च्या उचलायला लाग. "मदत करू का" असं विचारू नकोस, "नको नको, बसा तुम्ही" असंच येतं उत्तर. आपल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं येत असतील तर पेटीवाल्याच्या जवळ बस आणि मोकळ्या गळ्यानं म्हण. बायकोला सांग, महिला मंडळाची प्रार्थना कुठल्या वारी असते ते विचार म्हणावं.

आणि कापणीच्या सणाला, लोक चर्चला वाहतात त्या वस्तूंच्या लिलावात बोली लाव. चुकवू नकोस. भाजी, अंडी, बाजरी, कोंबडीसुद्धा येते. वीस रुपयांचा दुधी दोनशेला जातो, घेणारा तो परत लिलावाला देतो, पुन्हा बोली. तिथे तुझं नाव ओरडून विचारावंच लागतं.

जुना_नाशिककर

मावशींना सलाम. थोडी जुनी गोष्ट आठवली.

शरणपूर रोडवरून रोज हजारो गाड्या जातात, पण तिथे शरणपूर नावाचं गाव होतं हे किती जणांना माहीत? १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीच्या प्राइससाहेबांनी वसवलं. घरच्यांनी आणि गावानं वाळीत टाकलेले नवे ख्रिस्ती तिथे राहायचे. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलंही पुढे तिथेच आणली, त्यांना सुतारकाम, लोहारकाम शिकवलं. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट आफ्रिकेत वारलेल्या संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शवपेटीबरोबर थेट लंडनपर्यंत गेला, १८७४ साली. नाव किंवा गाव विचारून काही उपयोग नव्हता अशी मुलं होती ती. त्यांच्या हातात आधी रंधा दिला. मावशींचे पेले वाचून हेच डोक्यात आलं.

जेलरोडची_रोझ

मी कॅथलिक, त्यामुळे आमच्याकडे पेल्यांची भानगड नाही. पण फेब्रुवारीत दुसऱ्या शनिवार-रविवारी नाशिक रोडला बाळ येशूची यात्रा असते, तेव्हा या. मुंबई-गोव्याकडून लोक येतात, हिंदू भाविकही खूप असतात. रांगेत पाणी वाटायला उभे राहा. दुपारपर्यंत हात दुखतील आणि शेजारी पाणी वाटणाऱ्याच्या सुनेचं नावसुद्धा पाठ होईल.

पाथर्डीफाट्याचा_भाडेकरू

तीन महिन्यांनी लिहितोय, माफ करा.

मावशी, पुढच्याच रविवारी खुर्च्या उचलायला लागलो. दहा-दहाची चळत लावत होतो. मागून एक आजोबा ओरडले, "अहो, आठची लावा! दहाची कलते, मागे एकदा बाप्तिस्म्याच्या दिवशी पडली होती पाळकबाईंच्या अंगावर." या चर्चमध्ये माझ्याशी कुणी बोललेलं ते पहिलं लांबलचक वाक्य. नंतर ती चळत कशी पडली ते त्यांनी अभिनयासकट दाखवलं. आता मी "आठवाले जालनेकर". आजोबांनी आडनावही विचारलं, पण तोवर आमच्या दोघांच्या हातात मिळून सोळा खुर्च्या होत्या, त्यामुळे त्यापुढे काही गेलं नाही.

बायको मंडळाच्या प्रार्थनेला जाते. डब्यात धपाटे नेले होते, रिकामा डबा आला आणि पुढच्या वेळची ऑर्डर.

गेल्या रविवारी कापणीचा सण झाला. दुधी मी ३४० ला घेतला आणि परत दिला. आजोबांनी ४०० केले. पुढे तर लोक दुधीपेक्षा एकमेकांकडेच बघून बोली लावत होते. शेवटी चहाच्या किटलीशी उभ्या असलेल्या एका मावशींनी ७१० ला तो पिशवीत टाकला आणि परत दिलाच नाही. मावशी, खरं सांगा, त्या तुम्हीच ना?

किटलीवाली_मावशी

नाही रे, आमचा सण पुढच्या रविवारी आहे. पण सातशे दहाला? आमच्याकडे एवढ्यात कोंबडी जाते.