बाबांचा पीएसए ४.६ आलाय. 'वयाने वाढतोच' म्हणून सोडून द्यायचं का?

निळीशाई:
नमस्कार. बाबा ६८ वर्षांचे आहेत. रात्री तीन-चारदा लघवीला उठायचे, म्हणून दोन वर्षांपूर्वी तपासलं तर प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढलेली निघाली. तेव्हापासून रोज एक गोळी चालू आहे आणि त्रास बराच कमी आहे. मागच्या आठवड्यात नेहमीच्या तपासण्यांमध्ये पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) ४.६ आला. रिपोर्टवर '४ पर्यंत नॉर्मल' असं छापलंय. ज्यांना दाखवला ते म्हणाले, या वयात एवढा वाढतोच, पुढच्या वर्षी बघू. बाबांना तेच ऐकायचं होतं. माझ्या मनातून मात्र जात नाही, कारण माझे सख्खे काका प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेले. कळलं तेव्हा तो हाडांत पोचला होता. बायोप्सीचा, म्हणजे सुईने तुकडे काढून तपासण्याचा, विषय काढला की बाबा म्हणतात, "सुई लावली की पसरतो." मी उगाच मागे लागतेय का?

पहाटवारा:
ताई, गोळी कुठली ते आधी सांगा. कंपनीचं नाव नको, आतलं औषध. पाकिटामागे बारीक अक्षरात असतं.

निळीशाई:
टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइड. का हो दादा?

पहाटवारा:
मग तो ४.६ नाही. ड्युटास्टेराइड आणि त्याच जातीचं फिनास्टेराइड ग्रंथी आक्रसवतं आणि सहाएक महिन्यांत पीएसए साधारण निम्म्यावर आणतं. म्हणून ही गोळी घेणाऱ्याचा आकडा दुप्पट करून वाचायचा. बाबांचा ९ च्या आसपास धरा. टॅम्सुलोसिनने आकडा हलत नाही.

हे इतक्या तळमळीने लिहितोय कारण माझं तसंच झालं. माझा ३.१ आला होता. 'नॉर्मल' म्हणून तो कागद दीड वर्ष फाइलमध्ये पडून राहिला. मी फिनास्टेराइड घेत होतो. कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पुढच्या खेपेला ४.९. गोळी चालू असताना आकडा खाली जाऊन तिथेच टिकायला हवा. तिथून तो वर चढू लागला, तर छापील मर्यादेच्या आत असला तरी तपास करायचा. बाबांचे जुने रिपोर्ट शोधा, विशेषतः गोळी सुरू होण्याआधीचा.

पण ९ म्हणजे कॅन्सर, असंही नाही. पीएसए हे प्रोस्टेटचं प्रथिन आहे, कॅन्सरचं नव्हे. नुसत्या वाढलेल्या ग्रंथीने, लघवीच्या संसर्गाने, कॅथेटर घातल्यानेही तो चढतो. तेव्हा लघवी तपासून घ्या, आधीचे दोन दिवस सायकल आणि वीर्यस्खलन टाळून रक्त पुन्हा द्या. मग युरॉलॉजिस्ट बोटाने तपासतील, आणि शंका राहिली तर एमआरआय. तो बायोप्सीच्या आधी झालेला बरा. नंतर केला तर आत साकळलेल्या रक्तामुळे चित्र गढूळ येतं. एमआरआयमध्ये पाय-रॅड्स नावाचा १ ते ५ असा अंक देतात. १-२ आला तर बायोप्सी बऱ्याचदा टळते, ४-५ आला तर नेमक्या त्या जागेवर सुई नेता येते.

'त्रास नाही' यावर विसंबू नका. कॅन्सर बहुधा ग्रंथीच्या कडेच्या भागात उगवतो, मूत्रमार्गापासून लांब. लघवी अडते ती मधला भाग वाढल्याने. मला स्वतःला काहीही होत नव्हतं.

काकांचं डॉक्टरांना जरूर सांगा. घरात कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर तेही. बीआरसीए-२ या जनुकातला दोष या सगळ्याच कॅन्सरमागे असू शकतो, म्हणजे ती माहिती तुमच्याही कामाची.

अर्धविराम:
युरॉलॉजी वॉर्डात परिचारिका आहे. प्रोस्टेटची बायोप्सी केल्याने कॅन्सर पसरत नाही, बाबांना निःशंक सांगा. लघवीत काही दिवस आणि वीर्यात काही आठवडे रक्त दिसतं, त्याला घाबरू नये. खरी काळजी संसर्गाची. सुई गुदाशयातून न घालता वृषण आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून घातली तर ती भीती कमी होते. तशी सोय आहे का विचारा. रक्त पातळ करायची गोळी असेल तर आधीच सांगायची. नंतर थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच निघायचं.

निळीशाई:
दोन महिन्यांनी लिहितेय. पुन्हा केलेला पीएसए ४.७, पाय-रॅड्स ४. बायोप्सी झाली. १४ तुकड्यांपैकी ३ मध्ये कॅन्सर, ग्लिसन (पेशी किती आक्रमक दिसतात त्याचा अंक) ३+३=६. डॉक्टर म्हणतात सध्या ऑपरेशन नको, लक्ष ठेवू. आणि आता बाबाच म्हणतायत, "आत्ताच्या आत्ता काढून टाका!" रात्री झोपत नाहीत.

पहाटवारा:
त्यांची झोप का उडाली ते मला चांगलं समजतं. पण ३+३ ही ग्लिसनची आज दिली जाणारी सर्वात खालची पायरी. माझा ४+३ होता. बेरीज सात, आणि चारचा भाग जास्त. ३+४ पेक्षा वाईट. म्हणून माझी ग्रंथी काढली. कॅथेटर दहा दिवस, पॅड पाच महिने. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम ऑपरेशनच्या आधीपासून केले म्हणून पाचातच सुटलो असं मला वाटतं. ताठरता औषधाशिवाय परत आली नाही. ताठरतेची नस एकाच बाजूची वाचवता आली होती. चार वर्षं पीएसए ०.१ च्या खाली आहे आणि मला पश्चात्ताप नाही, कारण मला गरज होती. गरज नसताना बाबांनी ही किंमत का मोजावी?

ब्रिटनमध्ये 'प्रोटेक्ट' नावाची मोठी चाचणी झाली. ५० ते ६९ वयाचे १,६४३ पुरुष, काहींवर नुसतं लक्ष, काहींचं ऑपरेशन, काहींना रेडिएशन. १५ वर्षांचे निकाल २०२३ मध्ये आले. तिन्ही गटांत या कॅन्सरने दगावलेले शंभरात तीनच्या आसपास. एक गोष्ट लपवत नाही : नुसतं लक्ष ठेवलेल्यांत तो दूर पसरल्याचं प्रमाण जास्त होतं, शंभरात नऊच्या आसपास, इतर दोन गटांत पाचच्या. म्हणून लक्ष ठेवायचं म्हणजे खरोखर ठेवायचं. साधारण सहा महिन्यांनी पीएसए, मध्ये एमआरआय, वर्षभराने पुन्हा बायोप्सी. चारचा भाग दिसू लागला तर उपचार तेव्हाही करता येतात.

एक मात्र करा. बायोप्सीच्या काचा (तुकड्यांच्या स्लाइड्स) दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा. तीन की चार हे माणसाच्या डोळ्याने ठरतं, आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मी दाखवल्या होत्या.

निळीशाई:
बाबांना तुमचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. पॅडवाली ओळ त्यांनी दोनदा वाचायला लावली. काचा मिळण्यासाठी उद्या अर्ज देतेय. फाइलवरच्या सगळ्या पीएसएच्या आकड्यांशेजारी लाल पेनाने 'गोळी चालू' लिहिलंय.