झोन टूचं वेड आणि बडोद्याचा उकाडा: पल्स बघून पळावं का?

कमाटीबागकर
आमच्या सकाळी पळणाऱ्या मंडळींत सध्या एकच खूळ आहे, झोन टू, म्हणजे पल्स कमाल पल्सच्या (हृदयाच्या मिनिटाला जास्तीत जास्त ठोक्यांच्या) 60-70 टक्क्यांत राहील इतकं हळू पळणं. घड्याळ वाजलं की माणूस थांबतो, आकडा उतरेपर्यंत चालतो, मग परत पळतो. बहुतेकांचे झोन 220 वजा वय या सूत्रावर बांधलेले. ते सूत्र सरासरीचं. पन्नाशीच्या माणसाला ते कमाल पल्स 170 सांगतं. प्रत्यक्षात कुणाची 158 असते, कुणाची 184. पायाच डळमळीत, मग त्याचे 60-70 टक्के काढून काय उपयोग? पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं की वेग बरोबर. घड्याळ घरी ठेवा.

अकोटा पूल
सूत्र वाईट म्हणून झोनही वाईट? 2001 साली संशोधक तनाका आणि सहकाऱ्यांनी 208 वजा वयाच्या 0.7 पट असं सूत्र दिलं. तेही सरासरीच, कबूल. म्हणून कमाल पल्सचा नाद सोडा आणि थ्रेशोल्ड, म्हणजे बराच वेळ टिकेल अशा जास्तीत जास्त जोराची पल्स, काढा. प्रशिक्षक जो फ्रील यांची पद्धत सोपी आहे: वॉर्मअप करून एकट्यानं 30 मिनिटं, शेवटपर्यंत टिकेल अशा पूर्ण जोरावर; त्यातल्या शेवटच्या 20 मिनिटांची सरासरी पल्स घ्या. झोन त्यावरून पाडा. सायकलची चाचणी मात्र वेगळी करायची. सायकलवर शरीराचं वजन सीटवर असतं, कमी स्नायू राबतात, म्हणून तितक्याच दमछाकीला पल्स बहुधा कमी दिसते. पळण्याचे झोन सायकलला लावून हालोल रोडवर 'झोन टू'त धापा टाकणारे रोज दिसतात.

दांडिया बाजार
बोलून बघण्याबद्दल एक शंका. आमच्यातले एक काका धाप लागली तरी शेअर बाजारावर बोलायचे थांबत नाहीत. त्यांचा झोन कोणता धरायचा?

सूरसागर
अहो अकोटा, चाचणी डिसेंबरात केलीत आणि पळताय मे महिन्यात, त्याचं काय? उकाड्यात रक्त कातडीकडे वळतं, घामानं रक्तातलं पाणी घटतं, एका ठोक्यात कमी रक्त बाहेर पडतं. भरपाई म्हणून ठोके वाढतात. वेग तोच ठेवूनही तासाभरात आकडा सहज 10-15 नं चढतो. त्यात मनगटावरचं घड्याळ. ते कातडीवर प्रकाश टाकून पल्स ओळखतं आणि पळताना कधी कधी पावलांचा ठेका पल्स म्हणून दाखवतं. मिनिटाला 170 पावलं, पल्सही 170!

अकोटा पूल
त्यासाठी छातीचा पट्टा असतो, तो हृदयाचे विद्युत संकेत टिपतो. आणि उकाड्यात आकडा चढतो तो खोटा नसतो हो. हृदयावर खरंच जास्त भार येतो. मे महिन्यात वेग कमी करायला कुणी सांगत असेल तर ती पल्सच. किलोमीटरला किती मिनिटं हे बघणारा माणूस ऐकत नाही.

कमाटीबागकर
पट्टा घ्या, हरकत नाही. पण सगळं हळूच पळायचं हे कुठून आलं? क्रीडा-संशोधक स्टीफन सायलर यांनी अव्वल खेळाडूंचा सराव तपासला, तेव्हा साधारण 80 टक्के सत्रं हलकी निघाली. ती माणसं आठवड्याला दहा-बारा सत्रं करतात! आपण नोकरी सांभाळून तीन दिवस पळणारे. तिन्ही दिवस रांगलो तर वेग कधी येणार? एक दिवस तरी दम निघेल असं पळा.

अकोटा पूल
एक दिवस जोरात, मंजूर. उरलेले दोन खरोखर हलके असतील तर. तुमच्या मंडळींचे तिन्ही दिवस मधल्याच वेगाचे असतात, ना हलके ना जोरदार.

मांजलपूर
मध्येच बोलतो. बीपीसाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांची पल्स औषधानं दबलेली असते. त्यांना कुठलंच सूत्र लागू नाही. छातीत दुखणं, चक्कर असं काही असेल किंवा बरीच वर्षं व्यायाम नसेल, तर ती 30 मिनिटांची चाचणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. पावागढच्या चढावर तर नकोच.

दांडिया बाजार
काकांना विचारलं. बीपीची गोळी चालू आहे म्हणे, पण कोणती ते माहीत नाही. उद्या चिठ्ठी घेऊन येतायत.