वलगणीचे मासे: हक्काचं कालवण की दगा?

खारपाटकर:
मिरगाच्या पहिल्या मोठ्या पावसात नदीतले मासे अंडी घालायला ओहोळांत आणि तिथून खाचरांत चढतात. आमच्या रायगडात ही वलगण, तळकोकणात चढणीचे मासे. मी स्वतः बॅटरी नि कोयता घेऊन रात्र रात्र हिंडलोय, गाबोळी (माशाच्या पोटातली अंडी) चापलीय. पण गेल्या पावसाळ्यात ओहोळाच्या तोंडाशी या काठापासून त्या काठापर्यंत जाळं लावलेलं पाहिलं. एक मासा वर जाईल तर शपथ! गळाचं आमिष मासा नाकारू तरी शकतो. बाळंतपणाला निघालेलीला वाटेत गाठणं ही कसली मासेमारी? समुद्रात १ जून ते ३१ जुलै बंदी असते, ती मासे अंडी घालतात म्हणूनच ना? मग ओहोळाला का नको?

वाडीवरची:
ती बंदी यंत्राच्या होड्यांना. वल्ह्यावर जाणाऱ्याला नाही. म्हणजे पोट आणि धंदा यातला फरक सरकारलाही कळतो. आमच्या शेजारची कातकरी मंडळी वीटभट्टीवरून परततात तेव्हा हाताला काम नसतं. भोकशीत (बांबूच्या सापळ्यात) सापडलेलं चुलीवर सुकवतात, त्यावर दिवस निघतात. दगाच शोधायचा तर सिमेंटच्या बंधाऱ्याकडे बघा. त्यावरून मासा चढणार कसा?

गळवाला:
म्हणूनच मी महसीर गळाने धरतो, फोटो काढतो आणि सोडून देतो. माशाला संधी मिळते.

वाडीवरची:
भूक नसताना तोंडात लोखंड अडकवायचं, दमवायचं, आणि वर संधी दिली म्हणायचं! आम्ही निदान खातो हो.

डोहकर:
तुम्ही वलगणीवर भांडा, तिकडे उन्हाळ्यात ब्लीचिंग पावडर ओतून नि जिलेटिन फोडून डोहच्या डोह रिकामे होतात. बोटाएवढी पिल्लं, खेकडे, कोळंबी, सगळं पांढरं होऊन तरंगतं. निम्मं तर कुणी उचलतही नाही.

गळवाला:
तुमचे आजोबा गेळाची फळं ठेचून डोहात टाकत, ते काय होतं?

डोहकर:
विषच. १८९७ च्या इंग्रजी कायद्याने स्फोटकांसोबत विष आणि चुनाही पाण्यात टाकायला मनाई केली, गेळ त्यातून सुटत नाही. आजोबांची बाजू घेणार नाही. फक्त फळं गोळा करून ठेचायलाच अख्खा दिवस जायचा, त्यामुळे वर्षातून एखाद्या वेळीच ते व्हायचं. ब्लीचिंगची पिशवी दुकानात मिळते.

खारपाटकर:
वाडीवरची ताई, बंधाऱ्याचं पटलं. भोकशीला माझी ना नाही, तिच्या बाजूने पाणी नि मासे दोन्ही निसटतात. माझं भांडण काठ ते काठ जाळ्याशी आहे. ते लावणारा कातकरी नव्हता, बाजारात टोपल्या नेणारा आमच्याच आळीतला होता.

वाडीवरची:
मग आधी त्याला जाऊन सांगा, इथे लिहिण्यापेक्षा.

खारपाटकर:
सांगितलं. म्हणाला, "तू गाबोळी खायचं सोड, मी जाळं काढतो." यंदा काय करायचं ते अजून ठरत नाहीये.