दाढ काढल्यावर जबड्याचे हाड उघडे पडले आहे

प्रश्न: कर्करोग हाडांत पसरल्यामुळे आईला झोलेड्रॉनिक ॲसिडची इंजेक्शने चालू आहेत. हिरड्यांतून बरीच वर्षे पू येत असे. हलणारी दाढ काढल्यानंतर तीन महिने जखम भरलेली नाही आणि तिथे पिवळट, खरखरीत हाड दिसते. दाढ काढणेच चुकले का?

उत्तर १: केवळ दाढ काढण्याला दोष देणे मला योग्य वाटत नाही. हे औषध जुने हाड झिजवून नव्या हाडाला जागा करणाऱ्या पेशींना रोखते, त्यामुळे जुन्या जंतुसंसर्गाने पोखरलेल्या हाडाची डागडुजी होत नाही आणि कित्येकदा दाढ निघण्यापूर्वीच मुळाशी हाड मरू लागलेले असते. अमेरिकेतील शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी २००३ मध्ये अशा ३६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. हाड आठ आठवड्यांहून अधिक काळ उघडे असेल, जबड्याला किरणोपचार झालेले नसतील आणि कर्करोग तिथे पसरलेला नसेल, तरच औषधामुळे जबड्याचे हाड मेल्याचे निदान करतात.

उत्तर २: ताई, ते हाड घरी टोकरू नका. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या सहसा सुचवतात. पू असल्यास प्रतिजैविकेही लागतात. इंजेक्शन मात्र परस्पर थांबवू नका, कारण औषध हाडात वर्षानुवर्षे राहते आणि थांबवून लगेच फरक पडत नाही. तो निर्णय कर्करोगतज्ज्ञ आणि मुखशल्यचिकित्सक यांनी मिळून घ्यायचा असतो. ओठ किंवा हनुवटी बधिर झाली असल्यास आजच दाखवा.