मदत हवी आहे: सामायिक जमीन, एकच गल्ला, कसं बसवायचं?

नमस्कार मंडळी, आम्ही सोलापूरची सहा कुटुंबं, अक्कलकोट रोडला चार एकर एकत्र घ्यायलोय, तिथंच राहायचं आणि कडक भाकरी-शेंगाचटणीचा धंदा सगळ्यांचा मिळून, पैसा एका गल्ल्यात. अमेरिकेत व्हर्जिनियात ट्विन ओक्स म्हणून वस्ती आहे, १९६७ पासून चालू, झोपाळे आणि टोफू (सोयाबीनचं पनीर) विकून उभी राहिली, स्वयंपाक, पोरं सांभाळणं हेसुद्धा कामाच्या तासांत धरतात, हे वाचून डोक्यात भुंगा शिरला.

अडचण अशी की धंद्याच्या सहकारी संस्थेला किमान दहा वेगवेगळ्या कुटुंबातले सभासद लागतात, आम्ही सहाच. त्यात दोघांकडं सातबारा नाही, बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, म्हणून एकाच्याच नावावर घ्या म्हणायलेत सगळे, मला ते पटत नाही बुवा, उद्या त्याच्या पोरांनी हात वर केले तर?

आणि खरा वाद तासांचा. वहिनी पहाटे चारला तव्यापुढं बसतात, पाठीला शेक घेत घेत दीडशे भाकरी, आणि आमचे एक भाऊ मार्केटला जाऊन चहा पिऊन येतात, तेही चार तास लिहितात वहीत! (आमच्यातच राहू द्या हे.)

तर सांगा, प्रोड्युसर कंपनी (शेतकरी उत्पादक कंपनी) बरी का? पण तिथंही दहा शेतकरी लागतात ना? आणि मधेच कुणी बाहेर पडला तर त्याचे पैसे कुठल्या भावानं परत द्यायचे? करारनाम्याचा नमुना असेल तर प्लीज टाका, इसार पुढच्या आठवड्यात द्यायचाय.