मदत हवी आहे: तांब्याचा हीटसिंक घरीच बनवलाय, डिझाइन कुणी तपासून देईल का?

मंडळी नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोडला चादरीच्या कारखान्यात डिझाइनचा कॉम्प्युटर माझ्याकडे असतो. एसी नाही. एप्रिलमध्ये खोलीतच ३८ अंश, प्रोसेसर ६५ वॉटचा, आणि लोड आला की ८४ वर जातो. म्हणजे खोलीपेक्षा ४६ अंश जास्त, वॉटमागे साधारण ०.७ अंश.

म्हणून ओळखीच्या लेथवाल्याकडून तांब्याचा हीटसिंक (प्रोसेसरवर बसवून त्याची उष्णता हवेत सोडणारा पट्ट्यांचा ठोकळा) करून घेतला. तळ ८० बाय ८० मिमी, जाडी ६ मिमी. वर अर्ध्या मिमीच्या ३० पट्ट्या, उंची ३५ मिमी, मधल्या फटी सव्वादोन मिमीच्या. पट्ट्या कथलाच्या डाकाने जोडल्यात आणि माझी शंका तिथेच आहे. तांब्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता ४०० च्या आसपास (वॉट प्रति मीटर प्रति अंश), ॲल्युमिनियमची २३५, पण कथलाची जेमतेम ६५. मग डाक जाड बसला तर तांब्याचा पैसा पाण्यात?

दुसरं वजन. ७२० ग्रॅम भरलं, ॲल्युमिनियमचं २२० च्या आत बसलं असतं. कॅबिनेट उभं आहे, म्हणजे सगळं वजन मदरबोर्डवर (प्रोसेसर बसतो तो मुख्य बोर्ड) आडवं लटकणार; तो वाकेल का? मागे लोखंडी पट्टी लावली तर पुरेल?

तिसरं म्हणजे रुई. मागाची रुई इथे सगळीकडे उडते, दर आठवड्याला फॅन साफ करतो. फटी रुंद ठेवून पट्ट्या २० वर आणू का? क्षेत्रफळ घटेल, पण हवा तरी जाईल. (लेथवाला म्हणतो, "तळ अजून जाड करा". त्याला तांबं विकायचंय, असं मला वाटतं.)

ज्यांनी स्वतः बनवलाय त्यांनी सांगा, प्लीज. पंखा ९२ मिमीचा आहे, फोटो कमेंटमध्ये टाकतो.