गोळीनं वजन वाढून राहिलं, बंद करावी का?

नंदनवनची ताई:
लहान भावाला सहा महिन्यांपासून ओलान्झापिन (मानसिक आजाराची गोळी) सुरू आहे, रात्री १० एमजी. फरक खूपच पडला, झोपतो, बोलतो, दुकानावर बसायला लागला. पण वजन ५८ वरून ७३ झालं. रात्री दोन वाजता उठून डब्यातल्या पोळ्या गुळासोबत खातो. काल आईनं डबा वरच्या फळीवर ठेवला तर तो रडला हो. नातेवाईक म्हणतात तब्येत बनली, आणि तो म्हणतो गोळीच सोडतो. काय करावं?

मेडिकलवाला दादा:
ताई, आपल्या मनानं बंद करू देऊ नका, आजार उलटतो. आणि ती भूक म्हणजे खादाडपणा नाही, हे औषध मेंदूतल्या हिस्टामिन आणि सेरोटोनिन या रसायनांच्या काही रिसेप्टरांना (ती जिथं जोडली जातात त्या जागांना) अडवते, त्यानं भूक वाढते अन् कितीही खाल्लं तरी समाधान होत नाही. म्हणून त्याला बोलू नका. उपाशीपोटी शुगर, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) झालं का? वजनासोबत हेही वाढू शकतं. नसेल झालं तर डॉक्टरांना विचाराच.

मानेवाड्याचा भाऊ:
मी तीच चूक केली, क्वेटियापिन (अशाच आजाराची दुसरी गोळी) स्वतःच सोडली आणि तीन आठवड्यांत भरती व्हावं लागलं, घरच्यांचे ते दिवस आठवले की अजून पोटात कालवते. नंतर दर रविवारी सकाळी वजन करून तारखेसकट कॅलेंडरवर लिहायला लागलो आणि तो कागदच डॉक्टरांपुढे ठेवला. तोंडी सांगत होतो तेव्हा कोणी मनावर घेत नव्हतं. मग हळूहळू बदलून त्याच प्रकारची अरिपिप्राझोल दिली, तिनं सहसा एवढं वजन वाढत नाही, पण प्रत्येकाला ती चालेलच असं नाही. काहींना डायबिटीस नसतानाही मेटफॉर्मिन ही डायबिटीसची गोळी वजनासाठी देतात. मी रोज संध्याकाळी फुटाळा तलावावर चालतो. ९१ चा ८४ झालो, अजून उतरायचं आहे. सकाळचा तर्री पोहा मात्र सोडला नाही, फक्त कोल्ड्रिंक पूर्ण बंद केलं.

नंदनवनची ताई:
भाऊ, दादा, दोघांचंही आईला वाचून दाखवलं. डबा खाली आला, त्याच्या बाजूला फुटाणे आणि काकडी ठेवली. सोमवारी नंबर लावला आहे. तो म्हणाला तोपर्यंत गोळी घेतो, पण वजनाचं डॉक्टरांना तूच सांग.